चारचौघांत तपासलेलं काम

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला 'तंत्रज्ञान आणि तरुण' असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे, म्हणून त्यातला एक तुकडाच घेतो. एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो माणसं मिळून एक सॉफ्टवेअर कसं तयार करतात? त्यात कोणाचं काम घ्यायचं आणि कोणाचं परत पाठवायचं, हे कोण ठरवतं आणि कसं? तुमच्यातले काही जण इंजिनिअरिंगला आहेत, काही बीकॉम, डीएड करताहेत. कोड येत नसेल तरी हरकत नाही. हा विषय कोडपेक्षा माणसांच्या कारभाराचा जास्त आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे. त्याच्या पोटात लिनक्स कर्नल चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. २०१७च्या अखेरीपासून त्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालतात. याची सुरुवात हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केली. लिनस टोरव्हाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, असं जाहीर केलं आणि लोकांना सूचना मागितल्या. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला होता. त्यातून जो परवाना तयार झाला, तोच लिनक्सने १९९२ मध्ये घेतला. त्याचा सार सोपा आहे. हे सॉफ्टवेअर वापरा, आतून पाहा, बदला. बदलून पुढे वाटलंत, तर तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या.

आज या कर्नलमध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि एकेका आवृत्तीत साधारण दहा हजारांहून जास्त बदल असतात.

इथे एक गैरसमज दूर करू. 'ओपन' म्हणजे कोणीही यावं आणि हवं ते लिहून जावं, असं नाही. कोणीही बदल सुचवू शकतो; आत घ्यायचा की नाही, हे तपासणीनंतर ठरतं. दार सगळ्यांना उघडं आहे, पण दारात माणूस बसलेला आहे.

ठिगळ कसं लागतं

बदलाला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. ती एक साधी फाइल असते. जी ओळ काढायची तिच्यापुढे वजा, जी घालायची तिच्यापुढे अधिक. कर्नलचे पॅच आजही साध्या ई-मेलने जातात. रंग नाही, सजावट नाही, नुसता मजकूर. कर्नलच्या कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे आहे, याची एक जाहीर यादी कोडसोबतच असते. त्या माणसाला 'मेंटेनर' म्हणतात, म्हणजे त्या भागाचा राखणदार. पॅच त्याला जातो आणि त्याचबरोबर सगळ्यांना दिसेल असाही जातो. मग कोणीही तो वाचून म्हणू शकतं, की ही तिसरी ओळ चुकली आहे, अमुक यंत्रावर हे चालणार नाही. पाठवणारा दुरुस्ती करतो आणि दुसरी आवृत्ती पाठवतो. आधीच्या आवृत्तीपासून काय बदललं, तेही लिहितो. तिसरी, पाचवी, दहावी आवृत्तीही निघते. मेंटेनरचं समाधान झालं, की तो पॅच आपल्याकडे घेतो, मग त्याच्या वरच्याकडे देतो आणि शेवटी तो लिनसकडे पोहोचतो. नवे बदल घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते. त्यानंतरचे आठवडे फक्त दुरुस्तीसाठी.

यात दोन नियम मला फार मोलाचे वाटतात.

पहिला : एका पॅचमध्ये एकच बदल. दुसरा : कारण लिहा. बदल काय केला, हे कोडमध्ये दिसतंच. अडचण काय होती, ती कोणाला येत होती आणि तिच्यावर हाच उपाय का, हे शब्दांत मांडावं लागतं. चार ओळींच्या बदलाला कधी कधी चाळीस ओळींचं स्पष्टीकरण असतं.

हे कशासाठी? समजा, नव्या आवृत्तीत दहा हजार बदल आले आणि तुमच्या लॅपटॉपचा आवाज बंद पडला. दोष कोणत्या बदलाचा? लिनसनेच २००५ मध्ये लिहिलेल्या 'गिट' या साधनात एक सोय आहे. ते बरोबर मधला बदल काढून देतं आणि विचारतं, इथपर्यंत आवाज येतो का? येतो म्हटलं, तर दोष पुढच्या निम्म्यात. नाही म्हटलं, तर मागच्या निम्म्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं, की दहा हजारांतला एक बदल फार तर चौदा पायऱ्यांत सापडतो. पण प्रत्येक बदल लहान आणि सुटा असेल, तरच त्याचा उपयोग. एका पॅचमध्ये वीस गोष्टी कोंबल्या असतील, तर सापडूनही काही हाती लागत नाही.

सनद

२००३ मध्ये एससीओ नावाच्या अमेरिकी कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा आरोप होता. तो खटला वर्षानुवर्षं चालला. पण त्यामुळे एक प्रश्न समोर आला, की यातली अमुक ओळ कुठून आली, हे आपण दाखवू शकतो का? म्हणून २००४ पासून प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. हे काम माझं आहे किंवा मला ते पुढे देण्याचा हक्क आहे, असं लिहिणारा त्यातून कबूल करतो. पॅच ज्याच्या ज्याच्या हातातून वर जातो, तो प्रत्येक जण खाली आपली सही जोडतो. त्याशिवाय कोणी तपासलं, कोणी यंत्रावर चालवून पाहिलं, दोष मुळात कोणी कळवला, यांचीही नावं लागतात.

मी काही दीनचा आलिम नाही. पण हदीसच्या अभ्यासाची तोंडओळख असलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल. हदीसमध्ये मजकूर असतो, तो मत्न. आणि तो कोणी कोणाकडून ऐकला ही साखळी असते, ती सनद किंवा इस्नाद. साखळीतली माणसं कशी होती, हे तपासायला एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. दोन्हींचा हेतू अर्थातच वेगळा आहे. पण विचार ओळखीचा आहे : 'असं म्हणतात' एवढ्यावर भागत नाही. कोण म्हणतं, त्याने कोणाकडून घेतलं, हे सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी आपण याची आठवण ठेवली, तरी पुष्कळ होईल.

सनद खोटी निघते तेव्हा

पण साखळी चांगली दिसली म्हणजे मजकूर चांगला असतोच, असं नाही. याची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं २०२१चं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना दाखवायचं होतं, की मुद्दाम सदोष पॅच पाठवून तपासणाऱ्यांना फसवता येतं. त्यांनी तसे पॅच पाठवले. तपासणाऱ्यांना आधी विचारलं नव्हतं. स्वतःचा वेळ देणाऱ्या माणसांवर न सांगता केलेला हा प्रयोग होता. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलच्या एका ज्येष्ठ मेंटेनरने त्या विद्यापीठातून येणारे सगळे पॅच थांबवले. मग तिथून आधी आलेले शेकडो पॅच अनेकांनी बसून एकेक करून पुन्हा तपासले. त्यातले बहुतेक चांगले निघाले. ज्या विद्यार्थ्यांचा त्या प्रयोगाशी काही संबंध नव्हता, त्यांचंही काम संशयाखाली आलं होतं.

एकाच्या करणीसाठी सगळ्या नावावर संशय येणं म्हणजे काय, हे या सभागृहात मला समजावून सांगायला नको. माझा मुद्दा पुढचा आहे. संशय दूर कशाने झाला? निषेधपत्रकाने नाही, आम्ही तसे नाही, अशा शपथांनीही नाही. प्रत्येक पॅच उघडून वाचला गेला, तेव्हा तो दूर झाला. काम नोंदलेलं होतं, म्हणून ते तपासता आलं.

दुसरं उदाहरण २०२४चं, आणि जास्त भीतिदायक. 'एक्सझेड' नावाचं फाइल दाबून लहान करणारं एक छोटं साधन आहे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ते असतं. वर्षानुवर्षं एकच माणूस, पगाराविना, ते सांभाळत होता. 'जिया तान' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगले पॅच पाठवून त्याचा विश्वास मिळवला. त्याच सुमारास इतर काही नावांनी मूळ सांभाळणाऱ्यावर दबाव सुरू झाला : काम हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या. ती नावंही बनावट असावीत, असं मानलं जातं. तो थकलेला होता, प्रकृतीच्या तक्रारी होत्या. त्याने हक्क दिले. मग त्या साधनात एक चोरदार बसवलं गेलं, ज्यातून दूरच्या सर्व्हरमध्ये परस्पर शिरता आलं असतं.

ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, मार्च २०२४च्या शेवटी. सर्व्हरमध्ये लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याच्या लक्षात आलं. त्याने ते सोडून दिलं नाही. चोरदाराचा कळीचा भाग सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. वाटण्यासाठी बांधलेल्या गाठोड्यात तो वेगळा घातलेला होता. म्हणजे तपासलं एक आणि वाटलं दुसरं.

'जिया तान' कोण होतं, हे आजवर उघड झालेलं नाही. नाव चिनी वाटतं, पण ते कोणीही घेतलेलं असू शकतं. सनद होती, दोन वर्षांची होती आणि पोकळ होती. नावावरून माणूस सुरक्षित किंवा धोक्याचा ठरवणाऱ्यांना यातून काहीच मिळत नाही. संरक्षण मिळालं ते अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणाऱ्या माणसाकडून.

रागावणं म्हणजे तपासणं नाही

आता भाषेबद्दल. लिनस टोरव्हाल्ड्स अनेक वर्षं आपल्या तिखट, अपमानकारक उत्तरांसाठी प्रसिद्ध होता. दर्जा टिकवायचा तर असं बोलावंच लागतं, असं त्याचं समर्थनही होई. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच जाहीर माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाला. त्याच सुमारास प्रकल्पाने वागणुकीची लेखी आचारसंहिता स्वीकारली. तो नसताना पुढची आवृत्ती दुसऱ्या मेंटेनरने वेळेवर काढली. ऑक्टोबरमध्ये तो परतला. शिव्या कमी झाल्या म्हणून कर्नलचा दर्जा घसरला नाही. खराब पॅच आजही परत जातात, फक्त कारण देऊन.

आपल्या संस्था, मंडळं, जमाती आठवून पाहा. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक तर मोठ्यांच्या कामावर कोणी बोलत नाही, 'बुजुर्ग आहेत, जाऊ द्या' म्हणून. नाहीतर टीका कामावरून सुरू होते आणि पाच मिनिटांत खानदानावर येते. या दोन्हींत काम तपासायचं राहूनच जातं. 'अहवालातला तिसरा मुद्दा आकड्यांशी जुळत नाही' हे वाक्य बोलायला सोपं आणि ऐकायलाही सोपं असावं. त्याची सवय लावावी लागते. ती आधी लहान गोष्टींवर लावावी.

आणि सबुरी. कर्नलच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय, की उत्तर आलं नाही तर किमान आठवडाभर थांबा, मगच आठवण करा. समोरचा माणूसही कामात असतो. लिनक्सला ठरलेल्या क्षणी काम करण्याची हमी देता यावी, कारखान्यातल्या यंत्रांना ती लागते, यासाठीच्या बदलांवर २००४च्या आसपास काम सुरू झालं. ते पूर्णपणे मुख्य कर्नलमध्ये आले सप्टेंबर २०२४ मध्ये. वीस वर्षं. मधल्या काळात ती मंडळी रुसून बसली नाहीत. मोठ्या कामाचे तुकडे पाडून, जो तुकडा सगळ्यांच्या उपयोगाचा तो आधी देत राहिली. त्यातले कितीतरी तुकडे आज तुमच्या फोनमध्येही आहेत.

नाव लावायचं का?

हा प्रश्न मला खासगीत बऱ्याचदा विचारला जातो. घर भाड्याने घेताना जे नाव आड येतं, ते इथेही आड येईल का?

हे क्षेत्र पूर्वग्रहापासून मुक्त आहे, असं मी सांगणार नाही. २०१७ मध्ये गिटहबवरच्या बदलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकूण पाहता स्त्रियांनी पाठवलेले बदल पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते. पण प्रकल्पाला अनोळखी असलेल्या स्त्रीच्या खात्यावरून ती स्त्री आहे हे कळत असेल, तर स्वीकाराचं प्रमाण खाली येत होतं. म्हणजे काम तेच आणि नजर बदललेली. नावावरून धर्म कळतो, तिथे असं काही होणारच नाही, असं मानायला आधार नाही.

मग इथे वेगळं काय? नकाराचं कारण लिहून द्यावं लागतं आणि ते सगळ्यांसमोर असतं. घरमालक 'जागा गेली' म्हणतो, तेव्हा तुमच्या हातात काही उरत नाही. इथे पॅच, उत्तर, त्यावरचं तुमचं म्हणणं, सगळं नोंदलेलं राहतं. तिसरा माणूस वाचून सांगू शकतो, की कारण खरं होतं की बहाणा. अन्याय होणारच नाही, एवढी खात्री यातून मिळत नाही. पण तो झाकणं कठीण होतं.

कर्नलमध्ये पूर्वी खऱ्या नावाची अट होती. २०२३ मध्ये ती बदलून 'ओळखीचं नाव' अशी केली. निनावी चालत नाही; पण ज्या नावाने तुम्ही सातत्याने काम करता आणि ज्याची जबाबदारी घेता, ते चालतं. मी माझं पूर्ण नाव लावतो. माझ्या कामाबरोबर ते वाचलं जावं, असं मला वाटतं. पण एखादी मुलगी छळाच्या भीतीने दुसरं नाव घेत असेल, तर तिला कोणी भित्री म्हणू नये. नाव कोणतंही घ्या, त्या नावाने दिलेला शब्द पाळा.

सेवा आणि भाकरी

स्वयंसेवा हा शब्द आपल्याला फार आवडतो. त्यामागचा हिशेबही पाहू. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीला आला. इंटरनेटवरची गुपितं राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सॉफ्टवेअरमध्ये तो दोन वर्षं पडून होता. तो घेण्याआधी एका माणसाने तपासला होता, पण त्याच्या नजरेतून सुटला. जगभरच्या बँका आणि कंपन्या ज्यावर उभ्या होत्या, त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती. डोळे पुष्कळ असले की चूक लपत नाही, असं म्हणतात. पण प्रत्येक जण 'दुसरा बघेल' म्हणत असेल, तर बघणारा एकच उरतो. त्या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले.

हे अशासाठी सांगतोय, की फुकट काम करणं हा धर्म आहे, असं कोणी तुमच्या गळी उतरवू नये. लिनक्स कर्नलमधले बहुसंख्य बदल आज पगारी अभियंते करतात. मोकळा वेळ ही सगळ्यांना सारखी मिळणारी गोष्ट नाही. घरचं दुकान सांभाळणारा मुलगा आणि कॉलेजहून आल्यावर भांडी, भावंडं, स्वयंपाक पाहणारी मुलगी यांच्याकडे ती सर्वांत कमी असते. म्हणून मानधन देणाऱ्या योजना माहीत करून घ्या. गूगलची 'समर ऑफ कोड' २००५ पासून चालू आहे. 'आउटरीची' ही योजना खास अशांसाठी आहे, ज्यांना या क्षेत्रात पूर्वग्रहाला तोंड द्यावं लागतं. काम घरून करता येतं आणि सोबत मार्गदर्शक मिळतो. आणि भावांनो, बहिणीने अर्ज केला, तर तेवढे महिने भांडी तुम्ही घासा. तेही मुक्त सॉफ्टवेअरमधलं योगदानच आहे.

सुरुवात कुठून?

कर्नलपासूनच करायला पाहिजे असं नाही. आपल्या भाषांपासून करा. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द पाहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. मराठीतला हा फरक पडद्यावर नीट दिसावा, यासाठी अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर हुशार असावं लागतं. उर्दूच्या नस्तालिकमध्ये तर अक्षरं तिरकी उतरत एकमेकांत मिसळतात. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ही जुळणी 'हार्फबझ' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. नाव ऐकून कान टवकारले असतील. फारसी हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. त्याचा मुख्य शिल्पकार बेहदाद एस्फहबोद हा इराणमध्ये जन्मलेला. तुमच्या फोनवर अम्मीचा उर्दू संदेश आणि शाळेचा मराठी निरोप एकाच यंत्रणेतून उमटतो.

अशा प्रकल्पांना कोड लिहिणाऱ्यांइतकीच गरज आहे ती भाषा जाणणाऱ्यांची. मराठी भाषांतर तपासणारे हवेत, फाँटमधला दोष ओळखणारे हवेत. दोष कळवणं हेही कौशल्य आहे. 'चालत नाही' एवढं लिहून उपयोग नाही. कोणतं ॲप, कोणती आवृत्ती, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. या पाच गोष्टी आल्या, की हजारो मैलांवरचा, मराठी न येणारा माणूसही तो दोष आपल्या पडद्यावर पुन्हा घडवून पाहू शकतो.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ देतो. आपापल्या फोनवर मराठी किंवा उर्दूची एक चूक शोधा. मोडलेलं जोडाक्षर असेल, चुकीचं भाषांतर असेल, उलटी लागलेली ओळ असेल. ती या पाच मुद्द्यांत लिहून आणा. पाठवण्याआधी शेजारच्याला वाचायला द्या. त्याने निदान एक उणीव काढायची आणि ती काढण्याचं कारण खाली लिहायचं. तुम्ही ती दुरुस्त करून दुसरी आवृत्ती आणायची. मग दोघांनी खाली आपापली नावं लिहायची आणि पाठवून द्यायचं.

आता प्रश्न विचारा. आणि माझ्या बोलण्यात कुठे जुळत नसेल, तर कारणासकट सांगा.